अंधारातली पंगत: पहिल्यांदाच घालणाऱ्यांसाठी

गेल्या तीन वर्षांत मी ठाण्यात पाच वेळा अंधारातली पंगत घातली. दोनदा घरी, तीनदा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख, आठ-दहा पानं, वाढायला आणि सांभाळायला दृष्टिहीन माणसं, आणि जेवण आपलं रोजचं, वरण-भात-भाजी-पोळीचं. जेवून गेलेल्यांपैकी कोणीतरी आठवड्याभरात फोन करतंच, आम्हालाही करायचंय, कसं करू? त्या सगळ्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे सलग लिहिते आहे.

मूळ कल्पना हॉटेलांची. झुरिकमध्ये १९९९ साली अशा जेवणाचं कायमचं हॉटेल निघालं, एका अंध धर्मगुरूंच्या कल्पनेतून. वाढपीही दृष्टिहीनच. हॉटेलचं नाव ‘ब्लिंडे कू’, म्हणजे जर्मन भाषेत ‘आंधळी गाय’. आपण ज्याला आंधळी कोशिंबीर म्हणतो, त्या खेळाचं ते तिकडचं नाव. पुढे २००४ मध्ये पॅरिसला ‘दाँ ल न्वार’ निघालं. आपल्याकडे हैदराबादला माधापूरच्या इनऑर्बिट मॉलमध्ये ‘डायलॉग इन द डार्क’ या प्रदर्शनाला जोडून अंधारातलं जेवण सुरू झालं. मी पहिल्यांदा तिथे जेवले. बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तिथे मला वाटीत काय आहे हे प्रत्येक वेळी चाचपून शोधावं लागलं, कारण ताट ओळखीचं नव्हतं. आपल्या घरचं ताट असतं तर? मीठ कुठे, चटणी कुठे, भाजी कुठे, हे मराठी माणसाला लहानपणापासून पाठ असतं. आजी पान वाढताना चुकलं की ओरडायची, ‘अगं, चटणी डावीकडे!’ त्या डाव्या-उजव्याचा खरा उपयोग मला अंधारात कळला. म्हणून ही पंगत हॉटेलापेक्षा घरात जास्त चांगली होते, असं माझं ठाम मत आहे.

आधी माणसं शोधा

मेन्यू, पडदे, पाहुणे सगळं नंतर. वाढायला दृष्टिहीन माणूस मिळत नसेल तर पंगत घालू नका. पाहुण्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून आपण डोळसांनी वाढायचं, हा सोपा मार्ग पुष्कळांना सुचतो. तो मला मान्य नाही. पट्टी बांधलेल्याला सतत वाटत राहतं की आपल्याला कोणीतरी बघतंय, आणि तो सैल होत नाही. शिवाय पट्टीच्या खालून नाकाशी थोडा उजेड येतोच. खोलीच काळी केली की सगळे एका पातळीवर येतात, आणि त्या खोलीत ज्याला वावरता येतं तो सहजच यजमान होतो.

आमच्या पंगतीचा सगळा कारभार एका ताईंच्या हातात असतो. त्या कळव्याला राहतात, बँकेत नोकरी करतात, जन्मापासून दिसत नाही. त्यांच्यासोबत त्यांचे दोन सहकारी येतात. आठ पानांना तीन जण पुरतात. दहाच्या पुढे चौथा माणूस हवा. तुमच्या ओळखीत कोणी नसेल तर वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड म्हणजे ‘नॅब’ आहे, १९५२ पासून काम करणारी संस्था. अशा संस्थांकडे रीतसर विचारा. पण विचारताना काम काय, वेळ किती, पैसे किती हे आधी सांगा. ‘आमच्याकडे एक छान कार्यक्रम आहे, तुमच्या मुलांना जेवायला बोलवायचंय’ असल्या भाषेत बोलू नका. ते पाहुणे म्हणून येणार नाहीयेत, जाणकार म्हणून येणार आहेत. केटररचा वाढपी जितके घेतो त्याहून जास्त मानधन द्या, कारण हे वाढतातही आणि शिकवतातही. जाण्या-येण्याची रिक्षा वेगळी.

एक गोष्ट पहिल्या भेटीतच विचारा, थोडंफार दिसतं का? ज्यांना आपण अंध म्हणतो त्यांच्यातल्या पुष्कळांना उजेड-अंधार कळतो, काहींना ढोबळ आकार दिसतात, आणि ते त्या उरल्यासुरल्या दृष्टीवर चालतात. पूर्ण काळोखात त्यांचीही अडचण होऊ शकते. ताईंचे एक सहकारी असेच आहेत. आम्ही त्यांना बाहेर, पाहुण्यांच्या स्वागताला ठेवतो.

खोली काळी करणं

सगळ्यात जास्त मेहनत इथे लागते. पहिल्या वेळी आम्ही फसलो तेही इथेच. खिडक्यांना जाड पडदे होते, वरून चादरी लावल्या, दिवे घालवले, सगळे म्हणाले, ‘बापरे, काही दिसत नाहीये.’ पंधरा-वीस मिनिटांनी कोशिंबीर वाढेपर्यंत मला समोरच्या काकूंच्या बांगड्या दिसायला लागल्या. भाताच्या वेळी तर सगळेच एकमेकांकडे बघून हसत होते. कारण साधं आहे. अंधारात गेल्यावर डोळ्यांतल्या दंडपेशी, म्हणजे मंद उजेडात बघणाऱ्या पेशी, हळूहळू जाग्या होतात, त्यांना पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं, कधी त्याहून जास्त लागतात. दिवे घालवल्या घालवल्या जे काळंकुट्ट वाटतं, ते अर्ध्या तासानंतर संधिप्रकाशासारखं असतं. म्हणून तपासणीचा एकच खरा उपाय आहे, आदल्या रात्री त्या खोलीत दिवे घालवून अर्धा तास बसून राहा. मोबाइल बाहेर ठेवून. हळूहळू एकेक उजेड दिसायला लागेल, तो दिसेल तसा हाताने शोधा आणि झाका.

काय काय सापडतं ते सांगते. एसीवरचा आकडा. मच्छर पळवायच्या मशीनचा लाल ठिपका. स्विचबोर्डवरचा इंडिकेटर. पाण्याच्या फिल्टरचा निळा दिवा, हा तर शत्रूच. सेट-टॉप बॉक्स, वायफायचा डबा, इन्व्हर्टर. छतावर मुलांनी कधीकाळी चिकटवलेल्या रेडियमच्या चांदण्या. सोसायटीच्या हॉलमध्ये बाहेर जायच्या दरवाज्यावर हिरवी पाटी असेल तर ती झाकायच्या आधी सेक्रेटरींना विचारा, आणि झाकली तर त्या दारापाशी एक डोळस माणूस पूर्ण वेळ उभा ठेवा. छोट्या दिव्यांवर काळी इन्सुलेशन टेप लावा, एकावर एक दोन पट्ट्या. एका पट्टीतून एलईडी आरपार दिसतो.

खिडक्यांसाठी जांभळी नाक्याच्या बाजारातून काळं जाड कापड आणा आणि काचेवर आधी अॅल्युमिनियम फॉइल लावून मग कापड टांगा. नुसतं कापड कितीही जाड असलं तरी कडांमधून उजेड येतो. घोडबंदर रोडच्या बाजूला तोंड असलेला हॉल शक्यतो घेऊच नका, रस्त्याचे दिवे रात्रभर खिडकीवर असतात. कडा चिकटवायला रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या. खाकी टेपने भिंतीचा रंग पोपड्यासकट निघून येतो आणि सोसायटी डिपॉझिट कापते. दाराखालच्या फटीत पायपुसणं गुंडाळून घाला. दाराच्या आत साधारण हातभर अंतरावर दुसरा पडदा लावा, म्हणजे एक उघडेपर्यंत दुसरा बंद असतो. वाढपी सारखे आत-बाहेर करणार आहेत, त्यामुळे हा दुहेरी पडदा टाळता येत नाही.

आता खोली बंद झाली म्हणजे हवाही बंद झाली. ठाण्याच्या मे महिन्यात बंद खोलीत दहा माणसं बसवायची कल्पना सोडून द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, साडेसातला निवांत पंगत बसते. एसी असला तर चालू ठेवा, पंखा शक्यतो नको. पंख्याच्या आवाजात ताईंना पाहुण्यांचे आवाज नीट लागत नाहीत आणि पापड उडतात.

आग, भूकंप, चक्कर या सगळ्यांसाठी एक डोळस माणूस बाहेर मेन स्विचजवळ, हातात बॅटरी घेऊन. तो जेवत नाही, गप्पा मारत नाही, कुठे जात नाही. आत मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन काहीही नको.

पाहुण्यांना आधी विचारायचे प्रश्न

बोलावतानाच फोनवर विचारा आणि लिहून ठेवा. काय खात नाही? कशाची अॅलर्जी आहे? बंद जागेची, अंधाराची भीती वाटते का? इन्सुलिन, बीपीची गोळी जेवणाच्या वेळेशी बांधलेली आहे का?

अॅलर्जीचं जरा नीट ऐका. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट कोशिंबिरीत असतं, भाजीत असतं, आमटीत असतं, आणि ‘शेंगदाणे नाही खात’ म्हणणाऱ्या माणसाला उजेडात ते दिसतं, अंधारात दिसत नाही. एका पाहुण्याला चालत नसेल तर त्या दिवशी कुणालाच कूट नको, वेगळं पान वाढायच्या भानगडीत पडू नका. अंधारात पानांची अदलाबदल सहज होते. तेच उपवासाचं, तेच कांदा-लसणाचं, तेच सामिषाचं. ‘बघू ओळखतात का’ म्हणून कुणाला न चालणारी वस्तू गुपचूप वाढणं हा विश्वासघात आहे. काळोखात माणूस आपल्या हातात पूर्ण विश्वासाने हात देतो.

कपड्यांचंही सांगा. गडद रंगाचे, सुटसुटीत. ओढणी नको, सैल बाही नको, केस बांधलेले. रेडियमचे काटे असलेलं घड्याळ, फिटनेस बँड, मोबाइल दाराबाहेर टोपलीत.

ताट

आता मुद्द्यावर येते. कड असलेलं मोठं स्टीलचं ताट घ्या. खणांचं ताट घेऊ नका, खण लहान असतात आणि बोटांना एकसारखेच लागतात. वाट्या दोनच, बुटक्या आणि रुंद बुडाच्या. उंच वाटी मनगटाला लागून कलंडते. ताटाखाली ओला करून पिळलेला पंचा पसरा, ताट सरकत नाही.

मांडणी नेहमीचीच ठेवा. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, मग कोशिंबीर. उजवीकडे कोरडी भाजी, मग आमटीची वाटी. आपल्या बाजूला मधे भाताची मूद, डावीकडे कडेला पोळीची घडी. घरोघरी थोडा फरक असतो, कुणाकडे लोणचं कोशिंबिरीच्या आधी, कुणाकडे नंतर. ते महत्त्वाचं नाही. सगळी पानं एकसारखी असणं महत्त्वाचं. ताई पाहुण्यांना ताट समजावताना घड्याळाची भाषा वापरतात, जगभर दृष्टिहीनांना तशीच शिकवतात: बारा वाजता मीठ, अकरा वाजता लिंबू, दहाला चटणी, नऊला कोशिंबीर, दोन वाजता भाजी, तीनला आमटी, सहाला भात. मी बघितलंय, की तिशीच्या आतल्या मुलांना घड्याळ पटकन कळतं आणि साठीच्या पुढच्यांना घड्याळाची गरजच लागत नाही. ‘डावी बाजू नेहमीसारखी’ एवढं म्हटलं की त्यांचा हात नेमका चटणीवर जातो. एका आजींनी तर बसल्या बसल्या मिठावर बोट टेकवून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हं, बरोबर वाढलंय.’

पाण्याचं भांडं डाव्या हाताला, ताटाच्या वरच्या कोपऱ्याशी. उजवा हात खरकटा असतो, पाणी आपण डाव्याच हाताने पितो, तोच नियम. काचेचे ग्लास अजिबात नकोत. स्टीलच्या भांड्यात गार पाणी ओतलं की पाणी कुठवर आलं ते बाहेरून बोटांना कळतं.

चमचे ठेवूच नका. परदेशातल्या हॉटेलांत लोक काट्याने अंधारात मटारामागे धावतात, अशी वर्णनं वाचली की मला बरं वाटतं की आपण हाताने जेवतो.

स्वयंपाक

काय टाळायचं ते आधी. काट्यांचे मासे, हाडाचं मटण. आमटीतल्या शेवग्याच्या शेंगा. फोडणीतल्या अख्ख्या मिरच्या, दालचिनी, लवंग, सगळं वेचून काढा. तळणीची मिरची नको. मिसळीसारखं तर्री असलेलं काही नको, ती हनुवटीवरून कोपरापर्यंत जाते. बिटाची कोशिंबीर चवीला छान, पण डाग जात नाहीत. उकळती आमटी कधीच नाही. पोळी-भाजी गरम चालेल, पातळ पदार्थ कोमटच वाढायचे. हा नियम का, ते पुढे सांगते.

काय करायचं, तर हाताला मजा येईल असं. थालीपिठाच्या मधलं भोक बोटाला सापडतं आणि त्यात ठेवलेला लोण्याचा गोळा. अळूवडीचे पदर. कोथिंबीर वडीचा कुरकुरीत काठ आणि आत मऊ. भरलं वांगं देठासकट ठेवलं तर देठ धरून उचलता येतं, फक्त आधी सांगा की देठ आहे. गोडाला उकडीचा मोदक, दुसरं काही नको. मागच्या वर्षी एक काका मोदक हातात घेऊन पाच मिनिटं काहीच बोलेनात. विचारलं तर म्हणाले, ‘कळ्या मोजतोय. आई एकवीस घालायची.’ उजेडात तो मोदक त्यांनी दोन घासांत संपवला असता.

रंग गेला की चवीची ओळख किती डळमळते, ते सोलकढीला दिसतं. तो गुलाबी रंग न दिसल्यामुळे अर्ध्या लोकांना पहिल्या घोटाला ते काय आहे हेच कळत नाही, आणि दुसऱ्या घोटाला आमसूल, तिसऱ्याला नारळ आणि मग लसूण असं एकेक उलगडत जातं. श्रीखंड आणि आम्रखंड शेजारी ठेवून बघा, मुलांची भांडणं लागतात.

एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त पदार्थ नकोत. लग्नाच्या पंगतीसारखं ताट भरलं तर हाताला काहीच सापडत नाही.

आत नेणं आणि बसवणं

पाहुणे जमले की उजेडातच त्यांना ताईंशी बोलू द्या, निदान दहा मिनिटं. त्यांचा आवाज कानात बसला पाहिजे. ताईंनाही प्रत्येकाचं नाव आणि आवाज जुळवायला वेळ मिळतो. हात धुऊन घ्या. सगळ्यांना दोन शब्द शिकवा. ‘बाहेर’ म्हटलं की ताई त्या एकाच माणसाला शांतपणे बाहेर नेतील, कारण विचारणार नाहीत. ‘दिवा’ म्हटलं की स्विचजवळचा माणूस तत्काळ सगळे दिवे लावेल, पंगत मोडली तरी हरकत नाही. पाच पंगतींत ‘बाहेर’ दोनदा ऐकू आलं, ‘दिवा’ एकदाही नाही. पण शब्द आहे हे माहीत असल्यामुळेच लोक बसू शकतात.

दोघा-तिघांनाच एका वेळी आत न्या. पुढे ताई, त्यांच्या खांद्यावर पहिल्याचा हात, त्याच्या खांद्यावर दुसऱ्याचा. मुलं याला झुकझुकगाडी म्हणतात आणि खूश असतात. म्हाताऱ्या माणसाला एकेकटं न्यायचं, त्यांनी ताईंच्या कोपराच्या वर धरायचं. ताईंनी त्यांना धरायचं नाही. याचं कारण ताईंनी मला रस्त्यावर समजावलं होतं. ठाणे स्टेशनला लोक मदत म्हणून त्यांचा दंड धरून ढकलत नेतात. त्यांना पुढे काय आहे ते कळत नाही आणि तोल जातो. त्यांनी आपलं कोपर धरलं की आपल्या शरीराच्या हालचालीवरून पायरी, वळण आपोआप कळतं.

खुर्चीशी नेल्यावर पाहुण्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा, बस. बसेल तो आपला आपण. मग ताई टेबलावर बोटांनी टकटक करतात, ‘ताट इथे आहे’, आणि पाहुण्याचा डावा हात ताटाच्या कडेवर ठेवून देतात.

टेबल की जमीन? जमिनीवर सतरंजी टाकून पंगत बसवली तर सांडायला उंचीच नसते, पण वाढपी पानावर पाय ठेवतील अशी धास्ती राहते आणि गुडघे दुखणारे बसू शकत नाहीत. पहिल्यांदा टेबलच घ्या, एक बाजू भिंतीला लावून, म्हणजे वाढपी एकाच बाजूने फिरतात.

वाढणं

पंगतीची आपली रीत इथे फार उपयोगी पडते. लग्नाकार्यात वाढपी ‘भाजी, भाजी’ करत ओळीतून जातो. तेच करायचं. वाढणाऱ्याने न बोलता एक पाऊलही टाकायचं नाही. ‘वरण घेऊन येतेय, उजवीकडून.’ मग नाव घेऊन विचारायचं, उत्तर आल्याशिवाय वाढायचं नाही.

आणि आता कोमट आमटीची गोष्ट. दुसऱ्या पंगतीत मी ताईंना म्हटलं होतं, सगळे मराठी आहेत, पंगतीची सवय आहे, सांगायला नको. नको असलं की आपण काय करतो? बोलत नाही, दोन्ही हात ताटावर आडवे धरतो. शेजारच्या काकांनी तसे ते धरले. ताईंनी विचारलं, ‘आमटी?’ काकांनी हात धरून मान हलवली. ताईंना ‘हो’ही ऐकू आलं नाही आणि ‘नाही’ही, पलीकडून कोणीतरी ‘हो हो’ म्हणालं, आणि पळीभर आमटी काकांच्या हातांवर. आमटी कोमट होती म्हणून भाजलं नाही. चूक माझी होती. तेव्हापासून आत जायच्या आधी प्रत्येकाकडून म्हणून घेते, ‘पुरे’ हा शब्द तोंडाने म्हणायचा, हाताने नाही, मानेने नाही.

पाणी ओतताना ताई भांड्यात बोट बुडवून बघत नाहीत, दुसऱ्याच्या भांड्यात बोट कसं घालणार? त्या भांडं डाव्या हातात उचलून घेतात आणि ऐकतात. पाणी चढत जातं तसा ओतण्याचा आवाज बारीक होत जातो. हाताला वजन कळतं. पाऊण भांडं झालं की तांब्या उचलतात. मी घरी डोळे मिटून करून पाहिलं, चौथ्या दिवशी जमलं.

भातावर वरण वाढायच्या आधी पाहुण्यांना सांगा, मुदीला बोटाने आळं करा. झाडाला करतो तसं. वरण त्यात थांबतं, ताटभर पळत नाही. मग तूप. तुपाचा वास मात्र वाढायच्या आधीच सगळ्यांना येतो, आणि खोलीत एकदम शांतता होते. ही शांतता दर पंगतीत होते.

जेवताना

अंधारात लोक मोठ्याने बोलतात आणि सगळे एकदम बोलतात. पहिली दहा मिनिटं चालू द्या, भीती बोलण्यातून जाते. त्यानंतर ताई सांगतात, ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव आधी घ्या. गाणी लावू नका. श्लोक म्हणणारे असतील तर म्हणू द्या, नाव घेणाऱ्या असतील तर घेऊ द्या. अंधारात एका लाजाळू सूनबाईंनी जे नाव घेतलं, ते त्यांच्या लग्नातही कुणी ऐकलं नव्हतं म्हणे.

घास लहान घ्या. ताटात किती उरलंय ते दिसत नसल्यामुळे पोट भरलं हे उशिरा कळतं, तेव्हा आग्रह करू नका. ‘सावकाश होऊ द्या’ एवढंच म्हणा, आणि खरंच सावकाश होऊ द्या. चाळीस ते पन्नास मिनिटांत जेवण व्हावं. तासाच्या वर काळोखात बसवलं तर म्हातारी माणसं थकतात, काहींना गरगरतं.

सांडलं तर पुसत बसू नका, नंतर बघू. डाव्या हाताला एक ओला नॅपकिन प्रत्येकाला द्या. हात धुवायला उजेडातच.

दिवा लावणं आणि नंतर

ट्यूबलाइट एकदम लावू नका. सरावलेल्या डोळ्यांना ती अक्षरशः टोचते. बाहेरच्या खोलीत झिरोचा बल्ब किंवा समई लावून ठेवा आणि आतल्या पडद्याची एक कड हळूच बाजूला करा. पाच मिनिटं तेवढंच. मग मोठा दिवा. कुणालाही लगेच उठू देऊ नका.

यानंतर सगळे आपापलं ताट बघतात, कोशिंबीर अर्धी तशीच राहिलेली सापडते, शर्टावर वरण सापडतं. हसणं झालं की ताईंना बसवून त्यांचं पान वाढा, उजेडात, सगळ्यांसोबत. प्रश्नोत्तरं त्याच वेळी होतात. एक वाक्य हमखास येतं, ‘आज कळलं तुम्हाला कसं वाटत असेल.’ ताई दर वेळी शांतपणे सांगतात, ‘नाही कळलं. तुम्हाला नवख्या माणसाला कसं वाटतं ते कळलं. मला रोज असं वाटत नाही. मला माझ्या स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा माहीत आहे.’ पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावं असं मला एकदा वाटलं होतं, पण ताई म्हणाल्या, जेवणानंतरच सांगू, तेव्हा ते पटतं. त्यांच्या डब्यांवर खुणा कशा आहेत, तूर आणि हरभरा डाळ त्या कशा ओळखतात, फोडणी कुठवर आलीय ते मोहरीच्या आवाजावरून कसं कळतं, हे विचारा. त्या गप्पांत तास कसा जातो कळत नाही.

मानधनाचं पाकीट सगळ्यांसमोर समारंभाने देऊ नका, शाल-श्रीफळ तर मुळीच नको. कामाचे पैसे जसे देतो तसे द्या, नोटा कोणत्या आणि किती ते तोंडाने सांगून.

मास्किंग टेप त्याच रात्री काढा, दुसऱ्या दिवसापर्यंत ती भिंतीला धरते. एसीवरची आणि फिल्टरवरची काळी पट्टीही आठवणीने काढा. फरशी आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि मग पुसा. शितं टेबलाखाली अपेक्षेपेक्षा लांब गेलेली असतात, खुर्च्या उचलून बघा. मोबाइलच्या टोपलीत शेवटी एखादं घड्याळ उरतंच, ते कुणाचं ते विचारायला ग्रुपवर फोटो टाका.